गोलाईच्या ड्रॉवरला डव्हटेल सांधा कसा बसतो

चांगल्या हातकामाचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याच्या पुढच्या कोपऱ्याकडे बाजूने पाहिले, की दोन फळ्या एकमेकींत दात रोवून बसलेल्या दिसतात. हे दात चौकोनी नसतात. ते मुळाशी अरुंद आणि टोकाकडे रुंद होत गेलेले असतात. यालाच डव्हटेल सांधा म्हणतात. ड्रॉवर वर्षानुवर्षे ओढला तरी दर्शनी फळी सुटून हातात येत नाही, कारण रुंद टोक अरुंद तोंडातून मागे निघू शकत नाही. त्यासाठी खिळा किंवा स्क्रू लागत नाही. लाकडाचा आकारच पकड धरतो.

सपाट फळ्यांचा असा सांधा कापणे कष्टाचे असले, तरी समजायला अवघड नाही. कोडे पडते ते दर्शनी फळी धनुष्यासारखी पुढे आलेली असते तेव्हा, किंवा कपाटाच्या बाजू पोटाशी फुगून पायाकडे आत वळलेल्या असतात तेव्हा. फळीबरोबर सांधाही वळवायचा का? वळवायचा नाही, हे त्याचे थोडक्यात उत्तर आहे. फर्निचर कितीही गोलाईचे असले, तरी सांध्याला एक सपाट बैठक आणि शिरण्याची एकच सरळ दिशा लागते. वक्र लाकडात या दोन गोष्टी शोधून काढणे आणि शेवटपर्यंत जपणे, हेच या कामातले खरे कौशल्य आहे. करवत आणि पटाशी चालवण्याचा भाग त्यानंतर येतो.

आधी सपाट फळ्यांचा सांधा

ड्रॉवरच्या बाजूच्या फळीच्या टोकाशी जे पसरट दात असतात, त्यांना आपण शेपट्या म्हणू. या शेपट्या बसण्यासाठी दर्शनी फळीच्या टोकात कोरलेल्या जागा म्हणजे खाचा, आणि दोन खाचांच्या मध्ये उरलेले लाकूड म्हणजे खुंटी. सांध्याचे दात पुढून दिसू नयेत, म्हणून दर्शनी फळीतल्या खाचा आरपार काढत नाहीत; पुढच्या अंगाला तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा लाकडाचा पडदा शिल्लक ठेवतात. शेपट्या या पडद्यामागे लपतात आणि ड्रॉवर बंद असताना समोरून अखंड फळी दिसते.

जोडणी करताना शेपट्या खाचांमध्ये एकाच दिशेने शिरतात. ती दिशा म्हणजे दर्शनी फळीच्या टोकाकडून आत, तिच्या लांबीला समांतर. ड्रॉवर ओढताना ताण येतो तो याच्या काटकोनात. त्यामुळे सांधा एका दिशेने सहज बसतो आणि दुसऱ्या दिशेने अजिबात सुटत नाही. शिरण्याची ही दिशा वाचकाने लक्षात ठेवावी, कारण वक्र फर्निचरमधल्या बहुतेक अडचणी तिच्यापाशीच येऊन थांबतात.

दुसरी गोष्ट तंतूंची आहे. लाकूड हवेतली आर्द्रता घेते आणि सोडते, आणि तसे ते फुगते व आकसते. पण सर्व दिशांना सारखे नाही. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे 5 ते 6 टक्के, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे 2.5 टक्के आकसतो. तंतूंच्या लांबीत मात्र हे प्रमाण 0.1 ते 0.2 टक्क्यांच्या आसपासच राहते. डव्हटेल सांध्यात दोन्ही फळ्यांचे तंतू आडवे, कोपऱ्याभोवती वळल्यासारखे धावतात, म्हणून दोन्ही फळ्या उंचीतच आणि बरोबरीने फुगतात. सांध्यावर ताण येत नाही तो त्यामुळे. शिवाय फळीच्या टोकाला, म्हणजे तंतू जिथे कापले जातात त्या पृष्ठभागाला, गोंद नीट धरत नाही. शेपटी आणि खुंटी यांचे गाल, म्हणजे त्यांच्या उताराच्या बाजू, मात्र तंतूंच्या अंगाने एकमेकांना भिडतात आणि तिथे गोंदाची पकड पक्की बसते.

शेपटीचा उतार किती असावा, याचा रूढ हिशेब सोपा आहे. मऊ लाकडात सहास एक, म्हणजे सुमारे 9.5 अंश, आणि कठीण लाकडात आठास एक, म्हणजे सुमारे 7 अंश. उतार फार कमी ठेवला तर पकड ढिली पडते. फार वाढवला तर शेपटीच्या कोपऱ्यावरचे तंतू आखूड होतात, कारण उताराची रेघ तंतूंना फार तिरकी छेदते, आणि पहिल्याच जोराच्या ठोक्याला तो कोपरा तुटून पडतो. पुढे कललेल्या फळ्यांमध्ये हीच अडचण अधिक तीव्र होऊन परत येते.

धनुष्याकृती दर्शनी फळी

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. दर्शनी फळी 900 मिलिमीटर लांब आहे आणि तिचा मध्यभाग दोन्ही टोकांपेक्षा 50 मिलिमीटर पुढे आलेला आहे. भूमितीने या वर्तुळखंडाची त्रिज्या 2050 मिलिमीटर येते, आणि फळीच्या टोकाशी वक्राचा तिरपेपणा सुमारे 12.7 अंश येतो. नजरेला ही गोलाई सौम्य वाटते. पण ड्रॉवरच्या बाजूची फळी 12 मिलिमीटर जाडीची धरली, तर तेवढ्या 12 मिलिमीटरांत दर्शनी फळीची आतली बाजू जवळजवळ 2.7 मिलिमीटर मागे सरकते. डव्हटेल सांध्यात कागदाच्या जाडीइतकी फटही नजरेत येते. तिथे हे अंतर प्रचंड आहे. सपाट फळीसारख्या रेघा मारून सांधा कापला, तर शेपट्यांच्या खांद्यापाशी, म्हणजे दोन शेपट्यांच्या मुळाशी दर्शनी फळीला टेकणाऱ्या कडेपाशी, आतल्या कोपऱ्यात पाचरीच्या आकाराची फट राहणार, हे ठरलेले आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे शेपट्यांचे खांदेच 12.7 अंश तिरके कापणे. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात शेपट्यांच्या तळाची रेघ फळीच्या एका अंगावर एका अंतरावर आणि दुसऱ्या अंगावर 2.7 मिलिमीटर मागे येते, कडेला समांतर रेघ मारणाऱ्या मार्किंग गेजने एका दमात ती ओढता येत नाही, आणि दोन शेपट्यांमधली प्रत्येक फट पटाशीने तिरक्या कोनात छाटावी लागते. दुसरा उपाय म्हणजे दर्शनी फळीच्या आतल्या बाजूला, दोन्ही टोकांशी, बाजूच्या फळीच्या जाडीइतकी रुंद सपाट पट्टी रंध्याने किंवा पटाशीने काढून घेणे. ही झाली सांध्याची बैठक. बैठक फळीच्या टोकाशी काटकोनात असली, की तिथून पुढे सांध्याच्या दृष्टीने फळी सपाटच असते. मला हा दुसरा उपाय निःसंशय चांगला वाटतो, कारण त्यात तिरपेपणाचा प्रश्न एकाच जागी, एकदाच सुटतो. पहिल्या उपायात तो प्रत्येक शेपटीपाशी नव्याने सोडवावा लागतो.

पडद्याच्या जाडीचेही इथे भान ठेवावे लागते. बाहेरची बाजू गोल असल्यामुळे पडदा सगळीकडे सारखा जाड नसतो. फळीच्या अगदी टोकाशी तो सर्वांत पातळ असतो आणि आत जाताना जाड होतो. आपल्या उदाहरणात टोकाशी 4 मिलिमीटर पडदा ठेवला, तर 12 मिलिमीटर आत तो 6.7 मिलिमीटर होतो. म्हणून शेपटीची लांबी ठरवताना माप टोकावरच घ्यावे. आतल्या जागी माप घेऊन लांबी ठरवली, तर टोकाशी सव्वा मिलिमीटरचा पडदा उरेल आणि तो सांधा बसवतानाच फुटेल. नागमोडी दर्शनी फळीचे टोक जिथे आतल्या बाजूला खोलगट असते, तिथे हा हिशेब उलटा होतो. पडदा टोकाशी जाड आणि आत पातळ असतो, आणि माप आतल्या बाजूला घ्यावे लागते.

यानंतर येतो क्रमाचा प्रश्न, आणि माझ्या मते निम्मे काम या क्रमातच आहे. सांधा आधी आणि गोलाई नंतर. अखंड लाकडातून काढलेल्या फळीत 50 मिलिमीटरची गोलाई आणि 22 मिलिमीटरची जाडी मिळवायची, तर किमान 72 मिलिमीटर जाडीचा चौकोनी ठोकळा घ्यावा लागतो. त्याची सहाही अंगे रंधून गुण्यात, म्हणजे एकमेकांशी काटकोनात, आणावीत, लांबी अचूक कापावी आणि वरच्या व खालच्या कडेवर फर्मा ठेवून दोन्ही वक्र आखून घ्यावेत. मग फक्त आतला वक्र कापावा आणि टोकांशी बैठका सपाट राहू द्याव्यात. बाहेरची बाजू अजून चौकोनी असते, त्यामुळे ठोकळा टेबलावर घट्ट, न डुलता बसतो. पुढे काढून टाकायचे जाड लाकूड या वेळी पडद्याच्या खाली आधाराला असते. खाच कोरताना पटाशीवर कितीही ठोके मारले तरी पडदा फुटण्याची भीती राहत नाही. याउलट बाहेरची गोलाई आधी कापली, तर फळी प्रत्येक ठोक्याला डोलते, चार मिलिमीटरच्या पडद्याखाली काहीच आधार नसतो आणि शिकंज्यात फळी धरायलाही समांतर बाजू उरत नाहीत.

शेपट्या बाजूच्या फळीवर आधी कापाव्यात आणि मग ती फळी दर्शनी फळीच्या टोकावर टेकवून, धारदार चाकूने शेपट्यांच्या कडा तिथे उतरवून घ्याव्यात. पेन्सिलची रेघ इथे जाड पडते. चाकूच्या चिरेत पटाशीची धार आपोआप बसते आणि करवतीला कोणत्या बाजूने राहायचे हे कळते. करवत नेहमी चिरेच्या आत, टाकून द्यायच्या लाकडात चालवावी, म्हणजे खुंटीची रुंदी पूर्ण राहते. अर्ध्या झाकलेल्या सांध्यात करवत तिरकीच चालवता येते, कारण पुढे पडदा आहे. म्हणून खाचेचा निम्माच भाग करवतीने कापला जातो आणि आतला तिकोनी भाग पटाशीने उतरवावा लागतो. खाचेच्या आतल्या कोपऱ्यांत सरळ धारेची पटाशी पोहोचत नाही. तिथे तिरक्या धारेच्या दोन पटाश्या, एक डावी आणि एक उजवी, फार उपयोगी पडतात.

ड्रॉवरच्या तळाची फळी ज्या खोबणीत बसते, तिची जागाही याच वेळी ठरवावी. ही खोबण दर्शनी फळीच्या आतल्या वक्राबरोबर वळते आणि टोकाशी सर्वांत खालच्या शेपटीच्या खाचेत संपते, म्हणजे बाहेरून तिचे भोक दिसत नाही. ती दोन खाचांच्या मधल्या खुंटीतून गेली, तर खुंटी कमजोर होते आणि बाजूने चौकोनी छिद्र दिसते.

दर्शनी फळी अखंड लाकडाचीच असते असे नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या इंग्लिश फर्निचरमध्ये पाइनचे छोटे तुकडे विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून थरांनी रचत, त्या थरांना वक्र आकार देत आणि वर महोगनीचे व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवत. अशा फळीत थरांचा जोड खुंटीच्या मधोमध येणार नाही, याची काळजी शेपट्या आखतानाच घ्यावी. आजकाल दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या साच्यावर एकत्र चिकटवून वक्र फळी बनवतात. ती साच्यातून काढल्यावर थोडी उलगडते, म्हणून फर्म्यावरच्या मापांवर विसंबू नये. फळी काही दिवस ठेवून, मग तिच्या खऱ्या आकारावर रेघा माराव्यात. साधा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. अशा कामाला युरिया फॉर्मल्डिहाइड किंवा इपॉक्सी अधिक भरवशाचे असते. या प्रकारच्या फळीत गोलाई आधीच आलेली असते, म्हणून बाहेरच्या अंगाला त्याच वक्राचा लाकडी आधार ठेवूनच खाचा कोराव्यात.

बाजू कलल्या की काय होते

वरचे सगळे उदाहरण वरून पाहिल्यावर दिसणाऱ्या गोलाईचे होते. बाजूच्या फळ्या उभ्याच होत्या. त्या कलल्या की गणित बदलते. चारही भिंती बाहेरच्या बाजूला 15 अंश कललेल्या असतील, अशी एखादी पेटी डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येक फळीचे टोक काटकोनात न कापता 14.5 अंश तिरके कापावे लागते, कारण या कोनाचा टॅन हा कलाच्या साइनइतका असतो. दोन फळ्यांमधला खरा कोपराही 90 अंशांचा राहत नाही, तो 93.8 अंशांचा होतो. त्यामुळे टोकाला जाडीतही सुमारे चार अंशांचा उतार द्यावा लागतो. दोन्ही कोन एकाच टोकावर एकाच वेळी येतात, म्हणून या सांध्याला मिश्र कोनाचा सांधा म्हणता येईल.

इथे नवशिक्यांचा हात हमखास एका ठिकाणी चुकतो. टोक तिरके आहे म्हणून शेपटीही त्या टोकाला काटकोनात धरून आखली, तर तिचा मध्यअक्ष तंतूंशी 14.5 अंशांचा कोन करतो. आठास एकचा उतार त्यात मिळवला, तर शेपटीची एक कड तंतूंना 21 अंशांहून जास्त तिरकी छेदते आणि दुसरी जेमतेम सात अंशांनी. पहिल्या कडेचा कोपरा तुटणार, हे नक्की. शेपटीचा मध्यअक्ष टोकाकडे न पाहता फळीच्या लांबीला, म्हणजे तंतूंना समांतर ठेवावा, आणि उतार त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा द्यावा. अशी शेपटी तिरक्या टोकावर थोडी वाकडी दिसते, पण तीच टिकते.

ड्रॉवरमध्ये बहुधा दोनच बाजू कलतात. दर्शनी आणि मागची फळी उभी असते. तेव्हा गणित बरेच हलके होते. दर्शनी फळी आणि कललेली बाजू यांच्यातला कोपरा पूर्ण 90 अंशांचाच राहतो, आणि कल फक्त दर्शनी फळीच्या टोकाच्या तिरक्या कापात दिसतो. मात्र शेपट्यांचे गाल बाजूच्या फळीच्या जाडीतून काटकोनात कापायचे नसतात. कलाइतके तिरके कापायचे असतात, म्हणजे ड्रॉवर जागेवर ठेवल्यावर ते गाल आडवे राहतात. तसे केले, की दर्शनी फळीतल्या खुंट्या तिच्या आडव्या तंतूंबरोबर धावतात आणि मजबूत राहतात.

फुगीर पोटाची कपाटे

कल आणि वक्र एकत्र येतात ते अठराव्या शतकातल्या फुगीर पोटाच्या कपाटांमध्ये. कपाट वरून सरळ उतरते, खालच्या भागात बाहेर फुगते आणि पायांकडे पुन्हा आत जाते. फ्रान्समध्ये अशी कपाटे स्वस्त लाकडाचा सांगाडा रचून, त्यावर व्हिनिअर चढवून बनत. अमेरिकेत बॉस्टनच्या कारागिरांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी महोगनीच्या जाडजूड अखंड फळ्यांतून बाजू कोरून काढल्या. या घाटाचे तारीख लिहिलेले सर्वांत जुने अमेरिकी काम म्हणून बेंजामिन फ्रॉदिंगहॅम यांच्या 1753 च्या लेखनमेज-कपाटाचा उल्लेख होतो; ते अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या स्वागतकक्षांच्या संग्रहात आहे. जॉन कॉग्सवेल यांनी 1782 मध्ये बनवून सही केलेले कपाट बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे.

या दोन कामांच्या मधल्या काळात ड्रॉवरच्या बाजूंचा प्रश्न कसा सोडवला गेला, हे पाहणे फार उद्बोधक आहे. सुरुवातीच्या कपाटांत बाहेरून पोट फुगलेले असले, तरी ड्रॉवरच्या बाजू उभ्या आणि सरळच ठेवलेल्या आढळतात. सांधा सोपा, पण फुगवट्यातली जागा वाया जाते. नंतरच्या कामांत कपाटाच्या बाजू आतूनही पोखरल्या आणि ड्रॉवरच्या बाजूंना कपाटाच्या वक्राप्रमाणे आकार दिला. समोरून ड्रॉवर ओढला, की त्याची बाजू कपाटाच्या पोटाची रेघ पुढे नेताना दिसते. केवळ हा एक तपशील पाहण्यासाठी या कपाटांची छायाचित्रे जवळून पाहावीत, असे मला मनापासून वाटते.

अशा वक्र बाजूवर शेपट्या कशा आखायच्या? प्रत्येक शेपटी तिच्या जागेवरच्या पृष्ठभागाला काटकोनात असावी, हा विचार आधी सुचतो आणि तो स्वाभाविक आहे. पण तसे केले तर वरची शेपटी थोडी वर, मधली आडवी आणि खालची थोडी खाली रोखलेली राहील. शेपट्यांच्या दिशा पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतील आणि सांधा एकत्र बसणारच नाही. एक शेपटी शिरायला लागली, की दुसरी अडते. ठोकून बसवायला गेले तर खुंट्या मोडतात. म्हणून सगळ्या शेपट्यांना एकच दिशा द्यावी, आणि ती आडवी, दर्शनी फळीच्या तंतूंबरोबरची असावी. बाजू कुठे किती कललेली आहे, याची दखल शेपट्यांच्या दिशेने घ्यायची नसते.

इथेही तोच क्रम कामाला येतो. बाजूची फळी आधी जाड, सपाट आणि चौकोनी ठेवावी; 12 मिलिमीटरची वक्र बाजू हवी असेल आणि ती 15 मिलिमीटर फुगणार असेल, तर 27 ते 30 मिलिमीटरचा ठोकळा घ्यावा. शेपट्यांचे गाल या ठोकळ्याच्या पूर्ण जाडीतून काटकोनात कापावेत. ठोकळा सपाट आहे म्हणून ते आपोआप एकमेकांना समांतर येतात. त्यानंतर आतला आणि बाहेरचा वक्र कापला, की वक्र फळीवर एकाच दिशेच्या शेपट्या तयार मिळतात. तिरक्या मापांची डोकेफोड करावी लागत नाही. दर्शनी फळीचे टोकही याच वक्राने कापलेले असते, आणि खाचेचा तळ त्या वक्राला समांतर जातो. खाच मात्र आडवीच शिरते.

दर्शनी फळ्यांची बाहेरची गोलाई सर्वांत शेवटी द्यावी, आणि तीही सुटी सुटी देऊ नये. सगळे ड्रॉवर जोडून, कपाटात बसवून, गोल तळाच्या रंध्याने आणि कानशीने त्यांचे पुढचे अंग एकत्रच उतरवले, तर एका ड्रॉवरचा वक्र पुढच्याच्या वक्राला कुठेही न मोडता मिळतो.

गोल खांबाला वळणदार पाय

ड्रॉवर सोडून आणखी एका जागी डव्हटेल आणि गोलाई एकत्र येतात. अठराव्या शतकातल्या तीन पायांच्या चहाच्या मेजाला मध्ये कातलेला गोल खांब असतो आणि त्याच्या बुडाला तीन वळणदार पाय जोडलेले असतात. प्रत्येक पायाच्या वरच्या टोकाला एक लांब उभी शेपटी असते आणि ती खांबातल्या उभ्या खोबणीत खालून वर सरकवत नेतात. खांब गोल, पायाचा खांदा सपाट. म्हणून खांबावर 120 अंशांच्या अंतराने तीन सपाट पट्ट्या काढतात, किंवा पायाचा खांदा खांबाच्या गोलाईइतका पोकळ करतात. पहिला मार्ग सोपा आहे आणि मागाहून दुरुस्तीलाही सोयीचा आहे. पायाची शेपटी पाय चौकोनी ठोकळ्यात असतानाच कापावी. वळण दिल्यावर तो शिकंज्यात सरळ धरताच येत नाही.

या मेजांचा कमकुवतपणाही ठाऊक असावा. तीन खोबणी खांबाच्या बुडाशी एकमेकींच्या जवळ येतात आणि मधले लाकूड पातळ उरते. मेजावर कोणी भार टाकून रेलले, की पाय बाहेर फाकू पाहतात, शेपट्या पाचरीसारख्या काम करतात आणि खांब बुडाशी चिरतो. म्हणूनच जुन्या मेजांच्या बुडाला तीन फाट्यांची लोखंडी पट्टी ठोकलेली आढळते.

बसवणे, चिकटवणे आणि पावसाळा

आपल्याकडे असे काम सागात करायचे असेल, तर दोन गोष्टी आधीच ठाऊक असाव्यात. सागात सिलिकाचे कण असतात आणि पटाशीची धार लवकर बोथट होते, म्हणून खाचा कोरताना वारंवार धार लावावी लागते. सागातले तेल गोंदाला नीट भिडू देत नाही. सांधे चिकटवण्यापूर्वी गाल ताजे छिलून घ्यावेत किंवा थिनरने पुसून लगेच गोंद लावावा.

सांधा कोरडा बसवून पाहायचा, पण शेवटपर्यंत ठोकायचा नाही; अर्ध्यापर्यंत गेला की थांबावे, काढून घ्यावा आणि गालांवर उमटलेले चकचकीत ठिपके पाहावेत. घट्ट जागा तिथे असतात. शेपट्यांच्या गालांवर आधी पेन्सिलचे शिसे घासले, तर हे ठिपके खाचेत काळे उमटतात आणि नेमके तेवढेच लाकूड पटाशीने काढता येते. पूर्ण बसवून पुन्हा पुन्हा काढलेला सांधा ढिला होत जातो.

चिकटवताना वक्र फळीवर क्लॅम्पचा जबडा सरळ बसत नाही, घसरतो. बाहेरची गोलाई कापताना निघालेला तुकडा म्हणूनच जपून ठेवावा. तो जसा निघाला तसाच जागेवर परत लावला, की बाहेरची बाजू पुन्हा सपाट होते आणि दाब सरळ सांध्यावर येतो. गोंद वाळल्यावर खुंट्यांची टोके बाजूच्या फळीच्या पातळीत आणताना रंधा पुढच्या कोपऱ्याकडून मागे चालवावा. उलटा चालवला तर पडद्याची कड उचकटते.

शेवटी ड्रॉवर आणि त्याच्या जागेमधली मोकळीक ठरवायची. सागाची 150 मिलिमीटर उंचीची बाजू, वलयांच्या दिशेने चिरलेली असेल, तर लाकडातला ओलावा 4 टक्क्यांनी वाढल्यावर ती सुमारे 1 मिलिमीटरने उंच होते; उभ्या चिरेची, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे चिरलेली, असेल तर त्याच्या निम्म्याने. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात बसवलेल्या ड्रॉवरच्या वर म्हणून तेवढी मोकळीक सोडावी लागते. ऐन ऑगस्टमध्ये बसवलेल्या ड्रॉवरला मात्र अर्धा मिलिमीटरही पुरतो, कारण लाकूड त्या वेळी जवळजवळ पूर्ण फुगलेले असते आणि पुढे ते आकसणारच असते.